हात सरळ नको, सैल हवा : आपल्या मुलींच्या सॉफ्टबॉल पिचिंगविषयी



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या इंदूरच्या परिवारांतील बऱ्याच मुली शाळेतून सॉफ्टबॉल खेळू लागल्या आहेत. त्यांना मैदानावर सोडायला-आणायला जाता जाता आम्ही काही पालक आणि आजी-आजोबा सरावाला मदत करू लागलो. कुणी चेंडू गोळा करतो, कुणी ग्लोव्ह घालून कॅचरच्या जागी बसतो. या काळात आमच्याकडून काही चुका झाल्या. त्यातली एक चूक एका मुलीच्या खांद्यावर बेतली होती. ती सावरताना जे शिकायला मिळाले ते इतर परिवारांनाही कळावे म्हणून हा लेख.

ही मुलगी तेरा वर्षांची. उंच, चपळ आणि हौशी. शाळेच्या संघात पिचर म्हणून निवड झाली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आमच्या पिढीने सॉफ्टबॉल फारसा पाहिलेला नाही, पण क्रिकेट मात्र आमच्या रक्तातच. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. त्यामुळे नात चेंडू टाकू लागली की आजोबा बाकावरून सांगायचे, “हात सरळ ठेव गं बाळा, कोपर वाकवू नकोस.” आम्ही इतरही त्यांच्या सुरात सूर मिसळायचो. “जोर लाव, खांद्यातून जोर लाव!”

ती एकदा म्हणाली होती, “आजोबा, सरळ ठेवला की खांदा ओढला जातो.” आम्ही ते मनावर घेतले नाही. आळस करते आहे असे वाटले. दोन महिन्यांनी तिला केस विंचरायला हात वर नेणे अवघड झाले, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

क्रिकेटचा चष्मा उतरवायला हवा

क्रिकेटमध्ये कोपर वाकवून झटक्यात सरळ केला तर पंच तो चेंडू फेकी ठरवतात. म्हणून आपल्याकडे लहानपणापासून “हात सरळ” हाच मंत्र शिकवला जातो. सॉफ्टबॉलच्या पिचिंगला तो लागू नाही. इथे चेंडू खालून टाकायचा असतो. हाताने पुढून वर आणि मागून खाली असे पूर्ण वर्तुळ फिरायचे आणि चेंडू मांडीजवळून सुटायचा. पवनचक्कीच्या पात्यासारखा हात फिरतो म्हणून या पद्धतीला विंडमिल म्हणतात. चेंडू सुटताना हात कंबरेच्या खाली असावा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब नसावे, असे नियम सांगतो. कोपर ताठ ठेवा, असे तो कुठेच सांगत नाही.

उलट कोपर ताठ असेल तर पूर्ण वर्तुळाचा ओढा थेट खांद्याच्या सांध्यावर येतो. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला की बोटांना जो ताण जाणवतो, तसाच ताण इथे खांद्याला बसतो. कोपर किंचित वाकलेला आणि सैल असेल तर हात चाबकासारखा चालतो. आधी वरचा दंड, मग कोपराखालचा भाग आणि शेवटी मनगट असा वेग पुढे पुढे सरकतो. चाबूक ताठ काठीचा केला तर त्याचा आवाज निघत नाही, तसेच हे आहे.

“खालून टाकलेला चेंडू म्हणजे नैसर्गिक हालचाल, त्याने दुखापत होत नाही” असा एक समज जगभर होता. मोजमाप करून केलेल्या अभ्यासांनी तो खोटा ठरवला. विंडमिल पिचिंगमध्ये खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या वरून चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या ताणाच्या तोडीचा असतो. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, इथे विशेष राबतो. म्हणून विंडमिल पिचरचे दुखणे पुष्कळदा खांद्याच्या पुढच्या भागातच सुरू होते. आमच्या मुलीचेही तसेच होते.

खेळाची तोंडओळख

ज्यांच्या घरात हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉल 1887 मध्ये शिकागोत जन्मला, तोही एका बंद सभागृहात, मुष्टियुद्धाचा ग्लोव्ह गुंडाळून आणि झाडूचा दांडा घेऊन. महिलांचा सॉफ्टबॉल 1996 ते 2008 ऑलिंपिकमध्ये होता. नंतर तो टोकियोला परत आला आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे. महाराष्ट्रात सॉफ्टबॉलपटूंना शिवछत्रपती पुरस्कार मिळालेले आहेत आणि शालेय राष्ट्रीय स्पर्धांतही हा खेळ आहे. म्हणजे मुलींसाठी पुढची वाट मोकळी आहे.

सामना सात डावांचा असतो. चेंडूचा घेर 12 इंच आणि वजन साधारण 180 ते 200 ग्रॅम. त्याहून लहान मुलींसाठी 11 इंची चेंडू वापरतात. पिचर ज्या रबरी पट्टीवरून चेंडू टाकते ती 24 इंच लांब आणि 6 इंच रुंद असते. मोठ्या मुलींच्या खेळात ती होम प्लेटपासून 43 फुटांवर असते. क्रिकेटची खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत 66 फूट असते, म्हणजे इथले अंतर त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. शिवाय पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात सुमारे 11 मीटरच प्रवास करायचा असतो. ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढे अंतर सेकंदाच्या चार दशांशात पार करतो. फलंदाज मुलीला तेवढ्या वेळात चेंडू पाहून निर्णय घ्यायचा आणि बॅट फिरवायची असते. म्हणून सॉफ्टबॉलमध्ये सामन्याची दोरी बहुतांशी पिचरच्या हातात असते आणि म्हणूनच संघातल्या एकाच मुलीवर सगळा भार टाकण्याचा मोहही मोठा असतो.

जोर पायांतून येतो

सगळ्यात आधी कळायला हवे ते हे, की चेंडूचा वेग हातात जन्मत नाही. तो पायांत जन्मतो, कंबरेतून वर चढतो आणि हात त्याला फक्त वाट करून देतो. जात्यावर दळणाऱ्या बायकांना ठाऊक होते की नुसत्या मनगटाने दळले तर हात भरून येतात आणि बसल्या जागी कंबरेतून झुलत दळले तर पायली निघते. हिशोब तोच आहे.

उजव्या हाताने टाकणारी मुलगी असे धरून सांगतो. डावखुऱ्या मुलीने बाजू उलट समजाव्यात.

सुरुवातीला दोन्ही पाय पट्टीला लागून, उजवा पुढे आणि डावा मागे. हात एकत्र, चेंडू ग्लोव्हमध्ये, क्षणभर स्थिर. हा थांबा नियमातही आहे. मग वजन किंचित मागे, लगेच पुढे. उजव्या पायाने पट्टीला जोरात ढकलायचे आणि डावा पाय सरळ कॅचरच्या दिशेने लांब टाकायचा. पाऊल साधारण आपल्या उंचीच्या जवळपास लांब पडायला हवे. मुलगी अजून लहान असेल तर थोडे कमी चालेल, पण ते रेषेत पडायला हवे.

ही रेषा दिसावी म्हणून आम्ही मैदानावर चुन्याने पट्टीच्या मधोमधपासून होम प्लेटपर्यंत सरळ रेघ मारतो. डाव्या पायाचा ठसा रेघेवर किंवा अगदी लगत उमटला पाहिजे. तो रेघेच्या उजवीकडे पडला तर कंबर अडते आणि हाताला वळसा घालावा लागतो. फार डावीकडे पडला तर शरीर आधीच उघडते आणि जोर वाया जातो.

डावे पाऊल जमिनीवर टेकताना बोटे थेट कॅचरकडे नकोत. ती थोडी उजव्या बाजूला, साधारण 30 ते 45 अंशांत वळलेली हवीत. त्याच वेळी अंग बाजूला वळून उघडलेले असते. डावा पाय टेकला की तो भिंतीसारखा ठाम उभा राहिला पाहिजे. गुडघ्यात किंचित वाक चालेल, पण पाय खचता कामा नये. धावती मोटार थांबली की आतली माणसे पुढे फेकली जातात, तसे पुढचा पाय ठाम थांबला की शरीराचा वेग वर हाताकडे जातो. आमच्या मुलीचा पाय खचत होता, वेग तिथेच गळत होता आणि उरलेली कसर ती खांद्याने भरून काढत होती.

मागचा उजवा पाय चवड्यावर घसटत पुढे यावा. पट्टी सुटल्यावर तो पाय पुन्हा पुढे टेकवून तिथून नव्याने ढकलायचे आणि मग चेंडू टाकायचा, हे नियमात बसत नाही. ही सवय लहानपणी लागली की मोडायला फार त्रास होतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून याकडे लक्ष द्यावे.

आणि डोके? ते दोन पायांच्या मधोमध. चेंडू टाकताना मुली पुढे वाकतात, कारण वाकले की जोर लागतोय असे वाटते. वाकले की हाताला फिरायला जागाच उरत नाही. छाती ताठ आणि नजर कॅचरच्या ग्लोव्हवर हवी.

हाताचे घड्याळ

मुलींना समजावण्यासाठी आम्ही घड्याळाचा आधार घेतो. तिसऱ्या बेसच्या बाजूने पिचरकडे पाहा. होम प्लेट आपल्या उजव्या हाताला असते. आता तिचा हात घड्याळाचा काटा समजा, फक्त तो उलटा फिरतो. खाली सहा, पुढे तीन, डोक्यावर बारा, मागे नऊ आणि पुन्हा सहा.

तीनवर हात पुढे पसरलेला, अंग वळायला सुरुवात, डावा पाय हवेत. बारावर हात कानाजवळून वर, अंग पूर्ण बाजूला वळलेले. बारा आणि नऊच्या दरम्यान डावा पाय जमिनीवर टेकतो. नऊवरून खाली येताना कंबर पुन्हा बंद व्हायला लागते आणि कोपर हाताच्या पुढे धावतो. सहाच्या जवळ, उजव्या मांडीशी, चेंडू सुटतो.

इथे तीन गोष्टी पाहायच्या. एक, वर्तुळ रेषेतच फिरायला हवे. हात डोक्यामागे गेला किंवा अंगापासून लांब गेला तर चेंडू भलतीकडे जातो. दोन, बारापर्यंत घाई नको आणि बारानंतर थांबणे नको. अनेक मुली वर हात नेऊन क्षणभर थबकतात आणि तिथेच सगळा वेग संपतो. तीन, मागे नऊवर असताना तळहात जबरदस्तीने दुसऱ्या बेसकडे वळवू नये. पूर्वी तसे शिकवत. हात सैल असेल तर तळहात आपोआप योग्य बाजूला राहतो.

चेंडू सुटण्याच्या क्षणी कोपराखालचा आतला भाग कंबरेच्या कडेला हलका घासून जातो. हा स्पर्श महत्त्वाचा. तो झाला की दंड क्षणभर मंदावतो आणि पुढचा हात फटकन पुढे येतो. शिवाय दर वेळी त्याच ठिकाणी स्पर्श झाला तर चेंडूही दर वेळी त्याच ठिकाणी सुटतो. नवशिक्या मुलींच्या हातावर त्या जागी थोडे लाल होते, त्याची काळजी करू नये. मात्र हात कंबरेवर आपटत असेल तर वर्तुळ चुकते आहे असे समजावे.

चेंडू सुटल्यावर हात सैलपणे पुढे जाऊ द्यावा. कोपर जोराने वाकवून हात खांद्यावर आणून ठेवण्याची सवय काही ठिकाणी लावतात. उत्तम पिचरांच्या मंद गतीतल्या चित्रफिती पाहिल्या तर चेंडू सुटेपर्यंत त्यांचा हात असे काही करताना दिसत नाही. तो नंतर आपसूक विसावतो.

सराव शेवटाकडून सुरुवातीकडे

आम्ही पूर्वी पूर्ण विंडमिलनेच सुरुवात करत होतो. आता उलटे करतो. शेवटची हालचाल आधी पक्की करतो आणि मग एकेक पायरी मागे जातो.

पहिली पायरी: मनगट आणि चेंडूची पकड. चेंडू बोटांनी धरायचा, तळहातात खुपसायचा नाही. बोटांची टोके शिवणीवर आडवी. छोटी मुलगी असेल तर तीन बोटे वर, मोठ्या हाताची असेल तर दोन. आठ-दहा फुटांवरून मांडीजवळून फक्त मनगट आणि कोपराखालच्या भागाने चेंडू सोडायचा. चेंडू पुढच्या दिशेने गोल फिरतो का ते पाहायचे. त्यासाठी चेंडूवर रंगीत पट्टी चिकटवली की फिरकी लगेच दिसते.

दुसरी पायरी: बाजूला वळून उभे राहायचे, हात नऊवर, आणि तिथून खाली आणून सोडायचा. अंतर 15 ते 20 फूट. कंबरेचा स्पर्श इथे शिकायचा.

तिसरी पायरी: त्याच स्थितीत हात बारावरून. पाय आधीच लांब टाकून ठेवलेले. कंबर बंद होण्याची वेळ आणि हात खाली येण्याची वेळ जुळवायची. सगळ्यात जास्त दिवस इथे द्यावेत.

चौथी पायरी: पूर्ण वर्तुळ, पण एका पावलाने, कमी अंतरावरून, सत्तर टक्के जोराने. नंतर अंतर वाढवायचे. लहान मुलींना 35 फुटांपासून सुरू करून 40 आणि मग 43 असे नेले तर शरीर मोडत नाही.

घरी अंगणात किंवा गच्चीवर चेंडूऐवजी जुन्या मोज्यात दुसरा मोजा कोंबून त्याचा गोळा करा आणि भिंतीवर लावलेल्या चादरीवर टाका. खिडक्याही वाचतात आणि शेजारी काकूही बोलत नाहीत.

मोबाईलचा खरा उपयोग

आपल्या प्रत्येक घरात स्लो मोशनचा कॅमेरा आहे. तो दोन ठिकाणी ठेवा. एक तिसऱ्या बेसच्या बाजूने, म्हणजे घड्याळ दिसेल. दुसरा पिचरच्या बरोबर मागे, म्हणजे रेघ दिसेल. आठवड्यातून एकदा पाच-सहा चेंडू टिपा, रोज नको. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा.

चेंडू कुठे जातो त्यावरूनही बरेच कळते. सतत वर जात असेल तर चेंडू उशिरा सुटतो आहे. सतत जमिनीवर आपटत असेल तर लवकर. सतत डावीकडे जात असेल तर हात शरीर ओलांडतो आहे किंवा पाऊल रेघेबाहेर पडते आहे. उजवीकडे जात असेल तर बहुधा हात अंगापासून दूर गेला आहे. “नीट टाक” असे ओरडण्यापेक्षा “पाय कुठे पडला ते बघ” असे सांगितले तर मुलगी स्वतःच दुरुस्ती करते.

वळणारे, उसळणारे चेंडू शिकायची घाई करू नये. मुलींना त्याचे आकर्षण असते आणि मोठ्यांनाही. पण सरळ चेंडू हव्या त्या जागी पडू लागल्यावर पहिला शिकायचा तो संथ चेंडू. हात तसाच फिरतो, पण चेंडू हळू जातो. फलंदाज आधीच बॅट फिरवून बसते. खांद्यावर जादा ताण न देता बळी मिळवून देणारा याहून चांगला चेंडू नाही.

मोजदाद आणि दुखणे

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून 413 चेंडू टाकले आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्णपदक घेतले. 2021 मध्ये टोकियोला, वयाच्या 39 व्या वर्षी, ती पुन्हा सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती. ही गोष्ट मुलींना सांगावी. पण सोबत हेही सांगावे की ती तेव्हा 26 वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षे तयारी केलेली खेळाडू होती. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कुर्चा अजून मऊ असतात. तिच्याकडून उएनोची अपेक्षा धरणे म्हणजे कोवळ्या फांदीला झोपाळा बांधणे.

आमच्या मुलीने एका शालेय स्पर्धेत तीन दिवस ओळीने सगळे सामने टाकले. किती चेंडू, कुणी मोजलेच नव्हते. शाळेचे सर आणि आम्ही सगळेच जिंकण्याच्या भरात होतो. आता आम्ही वही ठेवतो. सराव आणि सामना दोन्हीतले चेंडू त्यात लिहितो, सामन्याआधीचे गरम होण्याचे चेंडूही. सलग दोन दिवस पिचिंग झाले की तिसरा दिवस विश्रांतीचा. वर्षातून किमान दोन-तीन महिने पिचिंग बंद. त्या काळात पोहा, धावा, काहीही खेळा. आणि संघात किमान दोन पिचर तयार करा. हे मुलीच्या आणि संघाच्याही भल्याचे आहे.

दुखणे ओळखायला शिका. सरावानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या, पाठ जड वाटणे ठीक आहे. पण खांद्याच्या पुढे किंवा कोपरात एका बोटाने दाखवता येईल असे टोचणारे दुखणे, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, हात वर नेताना अडणे, हाताला मुंग्या येणे, चेंडूचा वेग अचानक कमी होणे, यातले काहीही झाले तर चेंडू टाकणे त्याच दिवशी थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टना दाखवावे. मलम चोळून, पट्टी बांधून “एवढा एकच सामना” खेळवू नये. वेदनाशामक गोळी देऊन तर मुळीच नाही.

गरम होताना आधी पळणे, कंबर-मांड्यांचे व्यायाम, मग हात, मग चेंडू. रबरी पट्ट्याने खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. सकाळच्या सरावाला उपाशी पाठवू नका. पोहे-जिलेबी नंतर होईलच, पण आधी केळे, शेंगदाण्याचा लाडू असे काहीतरी पोटात हवे.

घरच्यांनी काय बोलावे

डॉक्टरांनी तिला तीन आठवडे चेंडू हातात घेऊ दिला नाही. आई म्हणाली, “पुरे झाला तो खेळ, अभ्यास कर.” मुलगी काही बोलली नाही. ग्लोव्ह मात्र तिने कपाटात न ठेवता उशाशी ठेवला. तो पाहून आई दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, “बरी हो आधी, मग बघू.”

परतल्यावर आम्ही तिला पहिल्या पायरीपासून घेतले. आठ फुटांवरून. ती वैतागायची, कारण लहान मुली तिच्या शेजारी पूर्ण विंडमिल टाकत होत्या. एका संध्याकाळी आजोबा बाकावरून उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “मी तुला सरळ हात ठेव म्हणालो, ते चुकलं माझं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. आता तू मला शिकव, कसा सैल ठेवायचा.” मग त्या दोघांनी भिंतीवर मोज्याचे गोळे टाकले. आजोबांचे गोळे कुठेही जात होते आणि ती हसून लोळत होती.

पुढच्या मोसमात ती पुन्हा खेळली. सगळे सामने तिने टाकले नाहीत. दुसरी पिचर होती आणि वहीत आकडे होते. वेग पूर्वीएवढाच होता, पण चेंडू हव्या त्या जागी पडत होता आणि सामन्यानंतर तिचे केस तिनेच विंचरले होते. आम्हाला तेवढे पुरे होते.

तेव्हा सर्व पालकांना आणि आजी-आजोबांना एवढीच विनंती. मैदानावर येताना पाण्याची बाटली, वही आणि दोन कान घेऊन या. मुलगी “दुखतंय” म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा. आणि तिला सांगण्यासारखी एकच सूचना असेल तर ती अशी असू द्या: पाय जोरात, हात सैल.

चुन्याची रेघ मारायला आणि कॅचरच्या जागी बसायला माणसे कमी पडतात. ज्यांना सवड असेल त्यांनी जरूर यावे.